पूजेला नेलेला कोयता

नामा पाडेली चहा प्यायला बसला तरी कमरेचा कोयता काढून खाली ठेवत नसे. कमरेच्या दोरीला मागे लाकडी आकडी, तिच्यात कोयता, आणि तो तसाच अवघडून ओट्याच्या कडेवर टेकलेला. मी एकदा म्हटलं, अरे, ठेव की बाजूला. तर म्हणाला, "हत्यार भुईवर टेकलं की निजतं, भाऊ. मग माडावर गेल्यावर जागं करत बसायचं का?"

नागावातल्या निम्म्या वाड्यांचे नारळ नामा पाडत असे. उजव्या हाताचं पहिलं बोट त्याचं अर्धंच होतं. तरुणपणी एका माडाला वाहिलं, असं तो सांगे. उरलेल्या बोटांसाठी त्याने कोयत्याची मूठ स्वतः तासून घेतली होती. दुसऱ्या कुणी धरली तर ती हातात बसायचीच नाही. कोणी कोयता मागितला तर त्याचं उत्तर ठरलेलं, "तो द्यायचा म्हंजे मनगट काढून द्यायचं."

असा माणूस मला कोयता देईल कसा? दिला, कारण मी तो पूजेला मागितला.

त्या वर्षी माझ्या मुलाने वाडीत चार खोल्यांचा होमस्टे काढला होता. दर्शनी भिंतीवर 'जुनं कोकण' लावायचं त्याच्या मनात होतं. जुनं कोकण आमच्याकडे फारसं शिल्लक नव्हतं. मी आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत शिक्के मारले, आणि शिक्क्याचा फोटो कोण काढणार? म्हणून खंडेनवमीला मी नामाला म्हटलं, आज हत्यारांना विश्रांतीच असते, तुझा कोयता आमच्या पूजेत मांडू दे. तो घुटमळला. मग म्हणाला, "पूजेचं म्हनल्यावर न्हाय कसं म्हनायचं." कोयत्याला हळद-कुंकू लागलं, झेंडू वाहिला, मुलाने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी दोन खिळे ठोकून कोयता भिंतीवर चढवला. खाली माझ्या अक्षरात पाटी आली : 'आमच्या आजोबांचा कोयता'. माझे आजोबा सोललेला नारळसुद्धा आजीकडून फोडून घेत.

दसऱ्याला नामा कोयता न्यायला आला. मी त्याला फाटकातच गाठून सांगितलं, तो आतल्या खोलीत आहे आणि खोलीत पाहुणे आहेत. पुढच्या आठवड्यात सांगितलं, शोधतो. तिसऱ्यांदा तो आला नाही. बाजारातून नवा कोयता आणला, गोल गुळगुळीत मुठीचा.

महिन्याभरात तो नवा कोयता शेजारच्या बापूंच्या वाडीत, उंच माडावरून, त्याच्या हातातून सुटला. बापूंची सून खाली कपडे वाळत घालत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर तो वाळूत रुतला. कुणाला लागलं नाही. पण ज्याच्या हातून वरून कोयता पडला, त्याला आमच्याकडे पुन्हा कुणी माडावर चढवत नाही. बापू म्हणाले, "नामाचा हात गेला." ओरडा ऐकून धावत आलेल्यांत मीही होतो. चार माणसं माझ्याकडे बघू लागली, कचेरीतला माणूस म्हणून माझ्या मताला अजून वजन होतं. मी म्हटलं, वय झालं हो, माणूस किती ओढणार. नामा माडाच्या बुंध्याशी पायातला दोर सोडत होता. त्याने ऐकलं.

त्यानंतर गावाने यंत्र घेऊन चढणारी माणसं बोलावली. नामाला आम्ही होमस्टेवर पाहुण्यांना शहाळी सोलून द्यायला ठेवलं. किती उदार झालो, असं तेव्हा वाटलं होतं. शहाळ्यांचा ढीग नेमका त्या भिंतीखाली असे. रोज सकाळी तो वर एकदा बघे आणि बाजारच्या कोयत्याने कामाला लागे. मला एका शब्दाने त्याने कधी विचारलं नाही.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी कोयता उतरवून हातात धरला. म्हणाल्या, ही मूठ अशी विचित्र का? मी आजोबांवर काहीतरी रचायला तोंड उघडलं, तेवढ्यात नामा शहाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "भाऊंच्या आजोबांचंबी एक बोट तुटलेलं व्हतं, बाई." बाईंना फार हळहळ वाटली. मी मान डोलावली. आजोबांची दहाही बोटं शाबूत होती, हे गावात जाणणारे आम्ही दोघेच उरलो होतो.

नामा यंदा गेला. दहाव्याला बापू म्हणाले, "सोन्यासारखा माणूस, शेवटी हात तेवढा गेला होता त्याचा." मी म्हटलं, हात गेला नव्हता. त्याचा कोयता माझ्या भिंतीवर होता, म्हणून तो परका कोयता घेऊन चढला. ही गोष्ट त्या दिवशीही मला ठाऊक होती.

बापूंनी विचारलं, "मग भाऊ, तेव्हाच का नाही बोललात?"

उत्तर होतं माझ्याकडे. त्या आठवड्यात आमच्या चारही खोल्या भरलेल्या होत्या आणि प्रत्येक पाहुणा त्या भिंतीपुढे उभा राहून फोटो काढत होता. नामाच्या दहाव्याला, त्याच्या बायकोसमोर, हे बोलणं मला जमलं नाही. म्हणून इथे लिहिलं.