उष्टी हळद आणि गळकी मोटार

माझ्या धाकट्या भावाची उष्टी हळद नवरीला लागायच्या आधी मी ती मोटारीला पाजली.

वकील असूनही हे वाक्य मी इतकं सरळ लिहितो आहे, कारण बचावाला जागाच नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, मी अमरावतीच्या कोर्टात नवा होतो, आणि राजापेठेत आमच्या दारासमोर माझी मोटार उभी असे. (उभी असणं हाच तिचा मुख्य व्यवसाय.) कापसाच्या जिनाच्या एका मालकानं ती कंटाळून विकली आणि मी ती हौसेनं घेतली. वैशाखात तिच्यात बसलं, की माणूस भाकरीसारखा दोन्ही अंगांनी शेकून निघे.

आमच्या कोर्टात साहेबाच्या दाराला वाळ्याची ताटी लावत. शिपाई तिच्यावर पाणी मारी, वारा त्यातून गार होऊन आत येई, आणि साहेब त्या गारव्यात माझे अर्ज फेटाळी. मग माझ्याच मोटारीनं काय पाप केलं होतं? मी तिच्या डाव्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधली. वर टपावर रॉकेलचा जुना डबा आडवा बांधला, त्याला खिळ्यानं बारीक भोकं पाडली. पाणी थेंबथेंब ताटीवर पडणार, गाडी पळणार, आत महाबळेश्वर! मिस्त्रीला द्यायचे पैसे वाचावेत म्हणून सगळं मीच केलं. डब्याची एक शिवण उसवली होती, तीही मीच साबण चोळून बुजवली. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

भावाचं लग्न अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका गुरुजींच्या मुलीशी ठरलं होतं. सकाळी घरी नवरदेवाला हळद लागली. त्याच्या अंगची उरलेली, म्हणजे उष्टी हळद नवरीकडे न्यायची, ती दिवेलागणीच्या आत तिला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. वऱ्हाड रात्रीच्या आगगाडीनं निघणार होतं. हळद घेऊन काकूनं सकाळच्या गाडीनं पुढं जावं, असं वडिलांचं म्हणणं. मी म्हटलं, काकू मोटारीतून जाईल, तेही गार वाऱ्यात. वडील माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग आत निघून गेले. मी त्याला संमती समजलो.

काकू चांदीची वाटी मांडीवर घेऊन ताटीशेजारी बसली. बडनेरा मागं पडेपर्यंत खरंच गारवा आला. काकू म्हणाली, “मध्या, तुले अक्कल आहे रे थोडी.” तिच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात एकदाच ऐकलं, आणि त्यानंतर दोन तासांत ते रद्द झालं.

मूर्तिजापूरच्या अलीकडं काकूला तहान लागली. रस्त्याला लागून सोनाजी नावाच्या माळ्याचा वांग्यांचा मळा होता, मोट चालू होती. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, आणि पाहतो तर पुढच्या चाकाजवळ पाणी. चांगलं ओंजळभर थारोळं, आणि त्यात वरून आणखी टिपटिप.

मोटारीच्या पोटात पाणी असतं आणि ते गेलं की इंजिन जळतं, एवढंच मला ठाऊक होतं. धोतराचा सोगा हाताला गुंडाळून मी पुढचं झाकण उघडलं. आतून वाफ निघाली. (वैशाखात भर दुपारी इंजिनातून वाफ निघणार नाही तर काय लस्सी?) खात्री करावी म्हणून सोनाजीकडून बादली घेऊन आत काठोकाठ पाणी ओतलं. खालून भळकन पाणी आलं. जास्तीचं पाणी बाहेर सांडायला तिथं मुद्दाम नळी ठेवलेली असते, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मात्र मला पुरावा सज्जड वाटला. टाकी फुटली!

सोनाजी शेजारी उभा राहून मान वर करून मोटारीच्या टपाकडं पाहत होता. “साहेब,” तो म्हणाला, “थे वरतं…”

मी कोर्टातल्या सवयीनं हात वर केला. “विचारलं तेवढंच सांगा. मोटारीची टाकी गळत असली तर काय करतात?”

तो म्हणाला, “जिनातला मिस्तरी हयद टाकते. हयद भोकात बसते, गयतं थांबते.”

“तुमच्याकडं हळद आहे?”

“घरी हाये. घर दोन कोसावर.”

काकू तेवढ्यात सोनाजीच्या बायकोबरोबर विहिरीवर तोंड धुवायला गेली होती. वाटी गाडीत माझ्या हवाली करून बजावून गेली होती, “हिच्यावर नजर ठेव.” मी नजर ठेवली. तिथंच घोटाळा झाला.

आधी बोटभर टाकली. गळणं चालूच. मग दोन बोटं. सोनाजीचा चेहरा ‘एवढ्यानं काय होते’ असं म्हणत होता. (निदान मला तसं वाटलं.) काकू परत आली तेव्हा वाटीत फक्त वाटी उरली होती, आणि गळणं खरोखरच थांबलं होतं.

“थांबलं!” मी ओरडलो.

काकू वाटीत पाहत होती. तिला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती ओरडली नाही. ती मोटारीच्या मागल्या बाकावर जाऊन बसली, ताटीपासून शक्य तितकी दूर. डब्यातलं पाणी संपलं होतं. पुन्हा भरू का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मोटार मात्र थेंबभरही न गळता धावत होती. मी मनात म्हणत होतो, हळद गेली खरी, पण गुण आला. बोरगाव मंजूला गाडी उभी करून बाजारातून नवी हळद आणली, तेव्हा काकूनं एकदाच तोंड उघडलं. “विकतची हळद उष्टी कशी होईल? दुकानदाराशी लावतोस का पोरीचं लगन?”

जुन्या शहरातल्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा सूर्य घरांच्या मागं गेला होता. दारात बायका ताट घेऊन उभ्या. आत पाटावर नवरी बसलेली. आता हळद नाही म्हटलं, तर उद्याचं लग्न राहतं की काय, आणि राहिलं तर ते माझ्यामुळं राहतं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. बाकी सगळा गोंधळ. मी गुरुजींना बाजूला घेतलं आणि टाकी, गळती, जिनातला मिस्त्री, असं सगळं उलटसुलट सांगायला लागलो. गुरुजींनी हातानंच मला थांबवलं.

“हळद आत गेली तेव्हा उष्टी होती?”

“होती.”

“अजून आतच आहे?”

“आहे. टाकीत.”

“मग काढा.”

खालचा नळ सोडला. गल्लीतल्या समस्त बायकांसमोर माझी मोटार पिवळं धमक, वाफाळतं पाणी सोडू लागली आणि काकू चांदीची वाटी धरून तिच्यापुढं उकिडवी बसली. त्या पाण्यात नवी हळद कालवली. रंग जरा तांबूस आला, वास थोडा लोहाराच्या दुकानासारखा. पण दिवे लागायच्या आत नवरीला हळद लागली. एका म्हातारीनं पदराआड विचारलं, अमरावतीकडं अशीच रीत आहे का. काकूनं “हो” म्हणून सांगितलं. लग्न सकाळी वेळेवर लागलं.

तिसऱ्या दिवशी काकू आणि मी मोटारीनं परतलो. (आगगाडीची तिकिटं संपली होती, नाहीतर ती आली नसती.) उन्हानं तिचा राग सैल झाला आणि ती म्हणाली, भर तुझा तो डबा. मी भरला, शिवणीला ताजा साबण चोळला. सोनाजीच्या मळ्याशी पोचलो, आणि पुढच्या चाकाजवळ पुन्हा थारोळं!

“पाहा,” मी सोनाजीला म्हटलं, “हळद काढली आणि पुन्हा गळायला लागलं. थोडी हळद असेल का?”

काकूनं रिकामी वाटी पदराखाली घेतली.

सोनाजीनं मोटारीभोवती एक फेरी मारली. टपावरच्या डब्याची शिवण अंगठ्यानं दाबली. खालची टिपटिप थांबली. अंगठा काढला. सुरू झाली. पाणी डब्यातून टपावर, टपावरून चाकावरच्या पत्र्यावर आणि तिथून खाली येत होतं. टाकीला कधी काही झालंच नव्हतं.

“तुम्हाला हे त्या दिवशीच दिसलं होतं?”

“दिसलं होतं ना.”

“मग बोललात का नाही?”

“सांगाले गेलो, तं तुमी म्हटलं, इचारलं तेवढंच सांगा. तुमी इचारलं, गयतं कसं थांबते. कुठून गयते, हे काई इचारलं नाही.” त्यानं अंगठा धोतराला पुसला. “मले वाटलं, वकीलसाहेब हायत, तेवढं तं दिसत असन.”