उघडून तपासलेल्या फायली
दौंडच्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचा गिऱ्हाइकावर विश्वास नव्हता. लॅपटॉप कंपनीतून आला तसा कोरा करायचा असला, की तो आधी विचारायचा, “ठेवायचं काय?” ‘काही नाही’ म्हटलं तरी सगळ्या फायली सीडीवर उतरवायचा आणि एकेक उघडून तपासायचा. “नुसती कॉपी करून भागत न्हाई, सर. उघडती का, ते बघाया लागतं.”

कोरा करायला दिलेला माझा लॅपटॉप न्यायला मी बायकोसोबत गेलो.

“समदं शाबूत हाय,” तो म्हणाला. “तुमच्या राजीनाम्यावर तारीख न्हवती, तेवढी टाकली.”

“कसला राजीनामा?” बायकोने विचारलं. शाळेतली नोकरी सोडायचं ठरवल्याचं मी तिच्यापासून दोन महिने लपवलं होतं.

त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि सीडी तिच्या हातात दिली. “वहिनी, तुमच्यापाशीच ठेवा. सरांकडनं हरवंल.”