वहिनी आणि आठ टॅपेट

वहिनींना तंद्री लागायची, आणि तीही भलत्या वेळी. भाजी चिरताना लागली की सुरी हवेतच राहायची. नळाखाली बादली लावून उभ्या राहिल्या की पाणी पार दारापर्यंत जायचं. "वहिनी घरात आहेत, पण घरी नाहीत," असं धाकटा दीर म्हणायचा. पण हातात मायक्रोमीटर आला की हीच बाई केसाच्या जाडीइतकीही चुकत नसे. बावीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासली होती.

कारखाना बंद पडला तेव्हा वहिनींनी नुकती पन्नाशी ओलांडली होती. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा धाकट्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बस, असं नवऱ्यानेच सुचवलं. दिराला वाटलं, बरं झालं, फोन घेतील, चहा टाकतील. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात त्याची सगळी मोजमापाची हत्यारं तपासली आणि निम्मी बाद केली. चहा टाकायचं काम मात्र त्याच्याचकडे राहिलं.

एके दिवशी सकाळी सुईणबाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. आल्या म्हणजे आधी आवाज आला, मग त्या. टकटक, टकटक, टकटक.

"माझ्याआधी हीच पोचते हो," सुईणबाई उतरता उतरता म्हणाल्या. "परवा एका बाळंतिणीचा नवरा विचारत होता, बाई, तुम्ही दार वाजवता की गाडी?"

दिराने इंजिन उघडलं. टॅपेट गेले होते, आठच्या आठ. टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढी नळकांडी. ती वर-खाली होतात तेव्हा इंजिनाचे व्हॉल्व उघडतात आणि मिटतात. आतलं तेल मधली फट भरून काढतं, म्हणून आवाज येत नाही. यांच्यात तेल टिकतच नव्हतं. मूळ कंपनीने ते बनवणं कधीच सोडलं होतं, म्हणून दुसऱ्या कुणी बनवलेले मागवले. आठवड्याने खोकं आलं.

वहिनींनी ते आठही टॅपेट एका थाळीत मांडले, वर तेल ओतलं आणि एकेकाला सळईने हलकेच दाबत राहिल्या. दाबलं की आतली हवा निघे आणि एक बारीक बुडबुडा वर येई. खिडकीतून आलेलं ऊन तेलात उतरलं होतं. बुडबुडा त्या उन्हातून सावकाश चढे, पृष्ठभागाशी जरा थबके आणि नाहीसा होई.

वहिनी तिथे नव्हत्याच. त्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत होत्या. तिथे उन्हाळा-हिवाळा सारखाच असायचा. बाहेरून आलेला भाग लगेच मोजायचा नाही, रात्रभर टेबलावर राहू द्यायचा. लोखंडालाही आधी निवांत व्हावं लागतं, मगच ते खरं माप सांगतं. त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे. शेवटच्या दिवशी वहिनींनी मोजायची सगळी हत्यारं मऊ कापडात गुंडाळली होती, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी.

"वहिनी, मासे लागतायत का?" दीर मागून म्हणाला.

वहिनी दचकल्या, हसल्या, आणि मोजायला लागल्या. जुना टॅपेट मोजला, नवा मोजला, मग पुन्हा जुना.

"भाऊजी, नव्यांत दांडा टेकतो ती खोबण अर्धा मिलिमीटर वर आहे. असेच बसवले तर व्हॉल्व पूर्ण मिटायचे नाहीत. व्हॉल्व दाबणाऱ्या रॉकरच्या ठोकळ्यांखाली पातळ पट्ट्या घालाव्या लागतील."

"अहो, तेलाचे टॅपेट आहेत ते. आपापले जुळवून घेतात."

"घेतात. पण किती घेतील?"

"अर्ध्या मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय!" दीर जरा घुश्शातच म्हणाला. वहिनी दुपारी जेवायला घरी गेल्या.

परत आल्या तर दीर स्टुलावर बसलेला. समोरच्या चहावर साय धरलेली. इंजिन जोडून झालं होतं, आणि दाब मोजायचा काटा दोन सिलिंडरांत जागचा हलला नव्हता; तिथले व्हॉल्व मिटतच नव्हते.

दिराने मान वर केली नाही. "पट्ट्या किती जाडीच्या कापू?"

वहिनींनी आकडा सांगितला. त्या कातर घेऊन त्याच्या शेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, तर पहिल्यापेक्षा दुप्पट खडखडाट. सुईणबाईंनी कपाळाला हात लावला. दिराचा हात चावीकडे गेला.

"वीस मिनिटं बंद करायची नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि इंजिनाचा वेगही उतरू द्यायचा नाही. तेल चढू दे."

त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. आठ आवाज होते. एक गेला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन एकदमच गेले. मोठ्या खोलीत गप्पा मारत पडलेली पोरं एकेक करून झोपी जावीत, तसं ते चाललं होतं. शेवटचा फार वेळ कुरकुरत राहिला. तोही विरला, आणि उरली ती नुसती घरघर, खोल आणि मऊ. दिराचा जीव भांड्यात पडला.

"बसा," सुईणबाई दार उघडून म्हणाल्या. "आज कुणाला कळा येत नाहीयेत."

वहिनी बसल्या. रस्ता नदीच्या कडेने होता. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या, नदी मधूनच दिसे, मधूनच लपे. एरवी वहिनी इंजिनं उघडलेली बघायच्या. चालत्या गाडीत असं काही काम नसताना बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

अरुंद पुलापाशी समोरची वाहनं आधी सोडली होती, म्हणून थांबावं लागलं. सुईणबाईंनी कान टवकारले.

"अगं बाई, बंद पडली!" असं म्हणून त्यांनी चावी फिरवली. कर्रर्र असा भयानक आवाज झाला. गाडी चालूच होती.

दोघी इतक्या हसल्या, की मागचा गाडीवाला भोंगा वाजवून थकला.

पूल ओलांडल्यावर सुईणबाईंनी विचारलं, "वळवू का? दीर वाट बघत असेल."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

"थोडं पुढे जाऊ या," त्या म्हणाल्या.