दाराजवळच्या फळ्या

कोरेगावची राहीबाई साताऱ्यातल्या त्या बंगल्यात कामाला लागली, तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. सारा जन्म शेणानं जमीन सारवण्यात गेलेला. नुसता तळवा फिरवला तरी कुठं खळगा आहे, कुठं ओल आहे, तिला कळायचं. इथल्या दिवाणखान्याला मात्र सागवानी फळ्यांची जमीन होती. घरच्या सूनबाई राजेश्वरीवहिनी, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "राहीबाई, इथं पाणी ओतायचं नाही. आधी मऊ झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं. पाणी मुरलं की फळी फुगते." तीन महिन्यांतून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा.

ही जमीन वहिनींच्या सासऱ्यांनी, सुभेदार नानासोंनी केलेली. पलटणीतून घरी आल्यावर शेताच्या बांधावरचे साग कापून त्यांनी फळी न फळी स्वतः रंधा मारून गुळगुळीत केली होती. आता दोन वर्षं ते आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. कमरेखाली हालचाल नाही. कूस बदलायलाही दोन माणसं लागायची.

श्रावणात राहीबाईनं जमिनीला तेलाचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर चकाकीवर पावलं. अनवाणी, मोठी. नानासोंच्या उंबऱ्यापासून चार पावलं, बाहेरच्या दाराच्या दिशेनं. परत फिरलेली नव्हती. वहिनींचे पाय लहान, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. तिनं ती पुसली. पुढच्या सकाळी ती पुन्हा उमटलेली, दोन पावलं पुढं सरकून. उजव्या पायाची करंगळी कुठंच दिसत नव्हती.

रोज दहा वाजता ती नानासोंच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवायची. त्या दिवशी तिनं चादर वर केली आणि तिचा हात तसाच राहिला. उजव्या पायाची करंगळी पलटणीत असताना बर्फात झडलेली, हे तिला ठाऊक होतं. पण तळव्यांना जवसाचा वास येत होता. टाचेच्या भेगेत तिच्याच फडक्याचा पिवळा धागा अडकला होता.

"आबा," तिनं धागा काढत विचारलं, "रोज कुठं जाताय?"

नानासो आढ्याकडं बघत म्हणाले, "शेताकडं निघालोय. जाता जाता फळ्या बघतो. तू लय चांगल्या ठेवल्यास."

"आन् जयराज? शनवारी नातू सुट्टीवर येतोय न्हवं? त्याला भेटून जावा की."

"पाय थांबत न्हाईत गं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बुधवारी पावलं दारापासून तीन फळ्यांवर आली. राहीबाईनं बाटली घेतली आणि दाराजवळच्या फळ्यांवर तेलाचा जाड थर ओढला. मग खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आवं आबा, दाराजवळ तेल ओलं हाय. वाळंस्तवर पाय ठिवू नका, डाग पडंल!" ओल्या तेलावर पाय पडला म्हणून या माणसानं सख्ख्या भावाला घराबाहेर उभं केलं होतं, असं वहिनी सांगायच्या.

गुरुवारी पावलं तेलाच्या कडेला येऊन थांबलेली होती. दोन्ही अंगठे एका रेषेत. कुणी बराच वेळ उभं राहावं तशी. राहीबाईनं तिथं तळवा टेकला. त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं, तरी लाकूड अंगासारखं उबदार होतं. तिनं पुन्हा बाटली उघडली. शुक्रवारी तिथं पावलांवर पावलं होती, जागच्या जागी चुळबुळ केलेली.

शनिवारी जयराज आला. पाठीवरची पिशवी न उतरवता आधी आजोबांपाशी गेला, आणि दुपारभर त्यांचा हात धरून बसला. नानासोंनी त्याला दोनदा नावानं हाक मारली. घरी निघताना राहीबाईनं दाराजवळचं तेल कोरड्या फडक्यानं निपटून काढलं आणि खाटेपाशी जाऊन वाकली.

"आबा, आता कोरडं हाय."

नानासो पहाटे गेले. ती आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दिवाणखान्यात पावलं थेट बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली. खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. जयराज तिला म्हणाला, "मावशी, बाकी अंग गार पडलंय, तळपाय तेवढे कोमट कसे?" तिनं पायांवर चादर ओढली.

तेरावा झाल्यावर वहिनींनी दाराजवळच्या फळ्यांना हात लावून पाहिला. "चिकट झाल्यात."

"तेल जास्ती झालं, वयनी. माझं चुकलं."

ती टर्पेंटाइनचं फडकं घेऊन बसली आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासायला लागली. थोड्या वेळानं वहिनीही दुसरं फडकं घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"पावलं मलाही दिसत होती," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी उठते ना मी. पण पुसायला हात धजला नाही."

राहीबाईनं बाटली मधोमध सरकवली, आणि दोघी घासत राहिल्या.