चांगला कान
करक चहातल्या वेलचीचा वास आला की आखातातल्या अल गराफातली ती शुक्रवारची दुपार आठवते. फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत सगळं शहर खणलेलं, खिडक्या बंद ठेवूनही टीपॉयवर धूळ, आणि माझ्याच साइटवरचा कराचीचा इंजिनीयर आपल्या अब्बांना घेऊन जेवायला आलेला. माझे बाबा एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानात नेव्हिगेटर होते आणि त्याचे अब्बा कराचीत विमानं पाडणाऱ्या तोफेवर, म्हणून हा विषय काढायचा नाही असं आम्ही आपापल्या घरी बजावलं होतं. पण सोफ्यावर शेजारी बसलेल्या त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकूच येईना. "मेरा ये कान तोप में गया," अब्बा ओरडून म्हणाले. मग बाबाही ओरडले, "मेरा हवाई जहाज में. रात को आपके शहर पर आए थे. साथ के दो जहाज लौटे नहीं." चहाचा ट्रे घेऊन मी तसाच उभा राहिलो. "हमारे भी लड़के गए उस रात," अब्बा म्हणाले, आणि उठून बाबांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. बाबांचा डावा कान चांगला होता, अब्बांचा उजवा; आता ते दोन्ही जवळ आले. बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं, इतकं हळू की त्याच खोलीत बसून आम्हाला एक शब्द कळला नाही. आता बाबाही नाहीत, अब्बाही नाहीत. त्या मित्राचा फोन आला की आम्ही अजून एकमेकांना विचारतो, तुला काही ऐकू आलं होतं का?