चांगदेव फराट्यांची सीट

चांगदेव फराटे हा मांडवगणहून रांजणगावला कंपनीची बस नेणारा माणूस. फर्स्ट शिफ्टची पोरं पेंगत चढायची आणि कंपनीच्या गेटात पेंगतच उतरायची, कारण वाटेत जाग यावी असं चांगदेवनं कधी काही केलंच नाही. न्हावऱ्याच्या पुढचे खड्डे तो असे चुकवायचा, की खिडकीला टेकलेलं डोकं आपटत नसे. "चांगदेवमामाची बस म्हंजी पाळणा," असं पोरं म्हणायची. त्यांच्या मते ते कौतुक होतं. चांगदेवला मात्र ते लागायचं.

बेचाळिशीचा, अंगानं भरलेला, मिशीवरून रोज सकाळी दोन बोटं फिरवणारा गडी. त्याला पाळणा हलवणारा म्हटलेलं कसं आवडावं? त्यात ठेकेदारानं बसला स्पीड लॉक बसवलेला. काटा साठावर गेला की पुढं सरकायचा नाही, खाली पाय कितीही दाबा. इतकी वर्षं त्या साठाला अडून बसलेला चांगदेव मनातल्या मनात मात्र शंभराच्या खाली कधी आला नव्हता.

"माझ्या हातात खरी गाडीच पडली न्हाई," तो बायकोला सांगायचा. "पडली असती तर..."

नीलम भाकरी थापता थापता विचारायची, "तर काय? दळण लवकर आलं असतं?"

एका रविवारी ठेकेदारानं त्याची बस केंदूरला लावली. तिथल्या माळावर मोटारींची रॅली होती आणि तिच्या स्वयंसेवकांना न्यायचं-आणायचं होतं. चांगदेवनं बस बाभळीखाली लावली आणि खाली उतरून पाहिलं, तर कच्च्या वाटेवरून एकेक गाडी सुटत होती, धुळीचा लोट उठत होता आणि टेकाडाच्या पलीकडं जाऊन विरत होता. सगळ्यात कमी वेळात जो पोचेल तो जिंकला, एवढा साधा खेळ. चांगदेवचा चहा हातातच गार झाला.

त्यातली एक तांबडी गाडी गेली, पण पलीकडं पोचली नाही. बऱ्याच वेळानं ती ट्रॅक्टरला बांधून परत आली. तिचा ड्रायव्हर मागून चालत येत होता. गाडीचे मालक, डोक्यावर चेकची टोपी घातलेले एक साठीचे गृहस्थ, कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "मला ड्रायव्हर हवाय, ड्रायव्हर! विमान उडवणारा नकोय!"

ते दौंडचे ख्रिस्तोफर साळवे. रेल्वेतून निवृत्त झालेले मेकॅनिक, आता स्वतःचं गॅरेज. 'साळवे मोटर स्पोर्ट्स' ही त्यांची टीम. म्हणजे ते स्वतः, ती तांबडी गाडी, आणि जो कोणी टिकेल तो ड्रायव्हर. गेल्या तीन वर्षांत त्यांची गाडी एकदाही शर्यतीच्या शेवटापर्यंत पोचली नव्हती. एका ड्रायव्हरनं ती कॅनॉलमध्ये घातली होती. दुसरा सरावाला म्हणून घेऊन गेला, तो मित्राच्या वरातीत सापडला. आणि आता हा तिसरा, जो त्याच संध्याकाळी "मी पुण्याच्या टीमकडं चाललो" असं सांगून निघून गेला.

चांगदेव घरी आला तो वेगळाच होऊन. जेवताना म्हणाला, "मी दौंडला जातोय. सीट मिळती का बघतो."

"बसायला?" नीलमनं विचारलं.

"चालवायला!"

रेसिंगवाले ड्रायव्हरच्या जागेला सीट म्हणतात, हे तो केंदूरहून शिकून आला होता. पण मांडवगणात त्या शब्दाला एकच अर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बातमी पसरली, की चांगदेव फराटे सीटसाठी फिल्डिंग लावतोय. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब दोन माणसं घेऊन दारात हजर. पंचायत समितीवर डोळा ठेवून बापूसाहेबांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आधी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, मग हळूच विषय काढला.

"चांगदेव, कुठल्या गणातनं म्हणायचं?"

"गण कसला बापूसाहेब? दौंडातनं."

"दौंडातनं? तालुका बदलून?" बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. "आन् पार्टी कुठली?"

"साळव्यांची. पार्टी लई अडचणीत हाय. तीन वर्षं झाली, एकदाबी शेवटापर्यंत पोचली न्हाई."

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की नीलमला आतून हसू फुटलं. "मग घे की सीट!" ते उठता उठता म्हणाले. "आपला पाठिंबा. काय लागलं सवरलं तर सांग."

तर असा बापूसाहेबांचा पाठिंबा घेऊन चांगदेव सुट्टीच्या दिवशी दौंडला गेला. ख्रिस्तोफर गाडीखाली आडवे होते. नुसते बूट दिसत होते. चांगदेव बुटांशीच बोलू लागला. वीस वर्षांचा अनुभव, एकही अपघात नाही, हेवी लायसन्स.

"बस?" बूट म्हणाले.

"बसच. पण मनातनं रेसिंगच."

ख्रिस्तोफर बाहेर आले, त्यांनी या माणसाकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुस्कारा सोडला. दुसरं कोणी येणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. भीमेकडेला बंद पडलेल्या वीटभट्टीची मोकळी जागा होती, तिथं ते त्याला घेऊन गेले.

चांगदेवनं आधी काच पुसली. आरसा नीट केला. स्टीअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग गाडी काढली, आणि काढली ती अशी मऊ की ख्रिस्तोफरना वाटलं, बरं आहे, हा निदान क्लच जाळणार नाही. गाडीनं वेग घेतला. तीस, चाळीस, साठ. आणि साठावर येऊन काटा थांबला.

"आता सोडा," ख्रिस्तोफर म्हणाले.

"सोडली की."

"साठावर आहे."

चांगदेवनं खाली पाहिलं. खरंच साठ. त्यानं दात आवळले, मिशी थरथरली, कपाळावर घाम आला. काटा काही हलेना. गाडीत स्पीड लॉक नव्हता. तो त्याच्या पायात होता.

"मामा, डोक्याला कळतंय," तो शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "पायाला कळत न्हाई."

गॅरेजवर परत आल्यावर ख्रिस्तोफरनी स्वतः चहा केला, चांगदेवच्या हातात दिला आणि म्हणाले, "बसची नोकरी चांगली असते हो. पेन्शन नसली तरी पगार वेळेवर." याचा अर्थ न कळायला चांगदेव लहान नव्हता.

तो चपला घालत होता, तेवढ्यात घरातून साराबाई बाहेर आल्या. ख्रिस्तोफरच्या पत्नी. मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. अजूनही त्या अंगणात आल्या की गॅरेजमधली माणसं उगाच सरळ उभी राहत. त्यांना सोलापूरला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, हातात बॅग होती, आणि ख्रिस्तोफरची स्कूटर सुरू होत नव्हती. किका मारमारून ख्रिस्तोफरना धाप लागली.

"राहू द्या," साराबाई म्हणाल्या. "गाडी आता चुकलीच."

चुकली, हा शब्द चांगदेवच्या कानात गेला आणि काहीतरी झालं. त्याच्या बसमधल्या एकाही माणसाचं हजेरीचं पंचिंग आजवर चुकलेलं नव्हतं. टायर फुटला होता, ऊस सांडून रस्ता बंद झाला होता, एकदा तर गेट बंद होता होता त्यानं बस आत घातली होती. त्यानं तांबड्या गाडीचं दार उघडलं. "बसा बाई."

"अहो, पण ती..."

"बसा म्हणतो ना!"

साराबाईंना असं कोणी बोलून जमाना झाला होता. त्या बसल्या.

कॅनॉलच्या कडेची कच्ची वाट त्या वेळी रिकामी होती. ख्रिस्तोफरनी दारातून जे पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. गाडी पहिल्या वळणाला आडवी होत गेली, सरळ झाली, आणि धूळ खाली बसायच्या आत पुलापाशी दिसेनाशी झाली. साराबाई स्टेशनात पोचल्या तेव्हा गाडी फलाटाला लागायची होती. त्यांनी आधी केस नीट केले, मग दोन घोट पाणी प्यायल्या आणि नवऱ्याला फोन लावला.

"याला सीट द्या," त्या म्हणाल्या. "याला कुणाला तरी उशीर झालाय असं वाटलं पाहिजे, एवढंच. शेजारी मी बसेन."

रॅलीत ड्रायव्हरशेजारी वाट सांगणारा नॅव्हिगेटर लागतोच. आजवर ख्रिस्तोफरना तोही धड मिळाला नव्हता. त्यांनी बायकोला दोनदा समजावून पाहिलं, वय सांगितलं, गुडघे सांगितले. साराबाईंनी हेल्मेट घालून आरशात पाहिलं आणि विषय संपला.

मग दोन महिने सुट्टीच्या दिवशी सराव. वळणांच्या खुणा साराबाई वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा म्हणत, आणि चांगदेव मान हलवी. तो ढिला पडला की त्या कठोर आवाजात म्हणत, "चांगदेव, गेट बंद होतंय." की पाय खाली. त्याचं त्यालाच नवल वाटे. घरी येऊन तो नीलमला सगळं वर्णन करून सांगे, हातवारे करून, पाटाचं स्टीअरिंग करून. ती म्हणे, "बाईंना माझा नमस्कार सांगा. मला वीस वर्षांत तुम्हाला पळवता आलं न्हाई."

पुढची रॅली पुन्हा केंदूरच्याच माळावर. पुण्याच्या मोठ्या टीमचा पृथ्वीराज नावाचा तरुण सगळ्यांचा आवडता होता. त्याच्या गाडीवर जाहिराती इतक्या, की मूळ रंग कुठला ते कळत नव्हतं. तो चांगदेवच्या आधी सुटला. चांगदेवनं काच पुसली, आरसा नीट केला. साराबाईंनी त्याच्याकडं एक नजर टाकली. झेंडा पडला.

आणि चांगदेव सुटला! "डावं... खड्डा... उजवं, लांब... गेट बंद होतंय!" टेकाड चढून गाडी पलीकडं उतरली तेव्हा चारही चाकं क्षणभर जमिनीवर नव्हती. टेकाडाच्या कडेला थांबलेले ख्रिस्तोफर टोपी काढून उभे राहिले. निम्म्या वाटेवर लावलेल्या पाटीवर तांबड्या गाडीची वेळ तिसऱ्या क्रमांकाची लागली. साळव्यांच्या टीमनं इतिहासात पहिल्यांदाच ती निम्म्या वाटेची पाटी पाहिली होती.

ओढ्याच्या वळणावर पृथ्वीराजची गाडी बंद पडली होती. तिचं पुढचं चाक खडकावर आदळून वाकडं झालं होतं. मागून येणाऱ्यांनी जपून यावं म्हणून पृथ्वीराज वाटेच्या कडेला उभा राहून हात दाखवत होता.

आता, वीस वर्षं ज्यानं कंपनीची बस चालवली, त्याच्यासमोर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून हात करतो. चांगदेवचा पाय काय करणार? साराबाई मान खाली घालून खुणांच्या वहीचं पुढचं पान वाचत होत्या. गाडी का थांबली हे त्यांना कळेपर्यंत चांगदेवनं दार उघडून आवाज दिला होता, "चला, चला! मागं सरका. मागून गाडी येतीय!"

त्या आवाजावर रोज सकाळी चाळीसएक माणसं झोपेतही आत सरकायची. पृथ्वीराजही गोंधळून आत शिरला आणि छताच्या आधाराला मागं लावलेल्या लोखंडी पाइपांमध्ये अंग चोरून बसला. त्याचा नॅव्हिगेटर बंद गाडीपाशी आ वासून उभाच राहिला.

"चांगदेव!" साराबाई म्हणाल्या. वर्गात असा आवाज लागला की शेजारच्या वर्गातलीही पोरं गप्प व्हायची.

"जागा हाय बाई. बसतील."

शेवटच्या रेषेवर तांबडी गाडी पोचली. टाळ्या वाजल्या, आणि मग मागचं दार उघडून पृथ्वीराज बाहेर आला तशा थांबल्या. पंच मंडळींनी नियम उघडला. गाडीत दोनच माणसं. तिसरा बसवला, गाडी बाद.

"बाद म्हंजी?" चांगदेवनं विचारलं.

"म्हणजे आपण पळालोच नाही, असं धरायचं," साराबाई हेल्मेट काढत म्हणाल्या.

चांगदेव दगडावर बसला. पृथ्वीराज समोर येऊन घुटमळला. "काका, सॉरी. तुम्ही 'मागं सरका' म्हणालात आणि मी सरकलो. का सरकलो, मला अजून कळलं नाही."

"तुझी काय चूक?" चांगदेव म्हणाला. "पण त्या दुसऱ्या पोराला आपण उन्हात सोडून आलो, ते बरं न्हाई झालं."

ख्रिस्तोफर तावातावानं टेकाड उतरून आले. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नजर गाडीकडं गेली. ते गाडीभोवती फिरले. बोनेट उघडून हात लावून पाहिला. चारही टायर दाबले. वाकून खाली पाहिलं. कुठं पोचा नाही, कुठं गळती नाही. ट्रॅक्टर भाड्यानं ठरवून ठेवला होता. त्याच्या ड्रायव्हरला त्यांनी परत पाठवून दिलं आणि कॉलर ताठ करून तांबडी गाडी दौंडपर्यंत स्वतः चालवत नेली. वाटेत ते एकदाच बोलले. "पुढच्या वेळी कोणी हात केला, तर तुम्हीही हात करा. दार उघडू नका."

"व्हय मामा."

पुढच्या वेळी चांगदेवनं दार उघडलं नाही. एकूण गाड्यांच्या मधोमध कुठंतरी त्याचा नंबर आला, आणि साळवे मोटर स्पोर्ट्सचं नाव पहिल्यांदाच निकालाच्या कागदावर छापून आलं. आता त्याचा दुसरा हंगाम चालू आहे. सोमवार ते शनिवार रांजणगाव, रविवारी दौंड. पोरं बसमध्ये अजून झोपतात.

मागच्या रॅलीला नीलम पहिल्यांदा पाहायला आली. पदर नाकाला लावून, पिशवीतल्या शेंगा खात ती दिवसभर माळावर बसली. संध्याकाळी चांगदेव हेल्मेट काखेत मारून तिच्यासमोर उभा राहिला. विचारायला त्याला धीर होईना.

"धुळीत काय दिसलं न्हाई," नीलम टरफलं झटकत उठली. "पण आवाज चांगला होता तुमचा."

तेवढं त्याला आठवडाभर पुरलं.