अविनाशकाकांचा निळा हाफ डॉलर

काळी पडलेली चांदी घासू नका, असं सांगणारा मला भेटलेला एकमेव मराठी माणूस काल गेला.

अविनाशकाका. इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतले आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे, एका रंगाच्या कंपनीतून केमिस्ट म्हणून रिटायर झालेले.

हे वाचणाऱ्यांत त्यांना ओळखणारे फार नसतील. म्हणूनच लिहितेय.

काका जुने चांदीचे हाफ डॉलर जमवायचे. सगळे नाही. फक्त रंग चढलेले.

त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाले, "कडेनं धर. मधे बोट नको."

एका बाजूला तडा गेलेल्या घंटेचं चित्र. काठाला सोनेरी, मग जांभळा, आणि मधे असा निळा की मी खुळ्यासारखं विचारलं, "पेंट केलंय का काका?"

"कुणी काही केलं नाही गं. जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये पडून होतं. पुठ्ठ्यात गंधक असतो. चांदी त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं राहिली, बस."

ते त्यांनी घेतलं तेव्हा कुणालाच नको होतं. दुकानातल्या किरकोळ नाण्यांच्या डब्यात पडलेलं. तेव्हा कलेक्टर लोकांना पांढरीशुभ्र नाणी हवी असायची. दुकानदार अशी रंगलेली नाणी केमिकलमध्ये बुडवून चमकवायचे आणि मग विकायचे.

पुढे आवड बदलली. नेटवर फोटो फिरायला लागले, रंगासाठी बोली लागायला लागल्या. मग भट्टीत घालून खोटे रंग चढवणारे आले, गिऱ्हाईक बिचकलं, भाव पडले. मग परत चढले.

काका हे सगळं क्रिकेटसारखं फॉलो करायचे. खोटा रंग दिसला की त्यांना खरंच राग यायचा. एरवी मी त्यांना रागावलेलं पाहिलं नाही.

काकू गेल्या, त्यानंतरच्या दिवाळीत काकांनी ते नाणं विकायचं ठरवलं. काकूंना अलास्का बघायचं होतं, राहून गेलं होतं. आता निदान मुलीला, नेहाला, घेऊन जायचं होतं. ऑक्शनवाल्यांना फोटो पाठवले. त्यांनी अंदाज सांगितला तो एका बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीच्या किमतीइतका होता.

पाठवायच्या आधी नीट बघून घ्यावं म्हणून काकांनी ते अल्बममधून काढून डायनिंग टेबलवर मखमली कापडावर ठेवलं होतं.

त्याच वेळी माझी आई पुण्याहून आलेली. काकू नाहीत, घरात लक्ष्मीपूजन आहे, म्हणून ती काकांच्या देवघरातली चांदी घासून द्यायला गेली. निरांजन, ताम्हन, अत्तरदाणी. सगळं त्याच टेबलवर काढलेलं.

मी आणि काका फुलं घेऊन परत आलो तर आई ओट्यापाशी हात पुसत होती.

"अविनाशराव, ते नाणंही पार काळंनिळं पडलं होतं हो. चिंच आणि रांगोळी लावून काढलं त्यालाही."

नाणं लख्ख पांढरं झालं होतं. बारीक ओरखड्यांनी भरलेलं. किंमत आता नुसत्या चांदीच्या वजनाइतकी उरलेली.



काकांनी नाणं उचललं. या वेळी कडेनं नाही, सरळ चिमटीत. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

मग वळून म्हणाले, "ताई, आमच्या हिच्यानंतर देवघर इतकं उजळ कुणी केलं नव्हतं. चहा घ्याल ना?"

नाणं त्यांनी लक्ष्मीपुढे ठेवलं. हळदकुंकू वाहिलं.

मला पोचवायला दारापर्यंत आले तेव्हा मी रडायच्या बेतात होते. ते हळूच म्हणाले, "आईंना बोलू नकोस. मायेनं केलंय त्यांनी."

अलास्का कॅन्सल झालं. काका आणि नेहा गाडी घेऊन न्यू मेक्सिकोला गेले. नेहा म्हणते, "Best trip of my life." रस्ताभर काका तिला तिच्या आईबद्दल सांगत होते.

पुढच्या वर्षी पुण्यात आईनं कुठलातरी व्हिडिओ बघितला. रंगलेली नाणी, त्यांच्या किमती. तिला सगळं उमगलं. मला फोन केला, धड बोलताही येईना. मी काकांना सांगितलं, तर त्यांनी लगेच तिला फोन लावला.

"ताई, ते मी विकायला काढलं होतं. तुम्ही घासलंत म्हणून घरात राहिलं. रोज पूजेत असतं. विकलं असतं तर मी रोज त्याची किंमत घसरली की वाढली, तेच बघत बसलो असतो."

आई नंतर म्हणाली, "खोटं बोलत असतील माझ्यासाठी."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मी रोज त्यांच्याकडे जायचे. खोटं नव्हतं ते.

अलीकडे चांदी भडकली. लोक जुने हाफ डॉलर किलोवारी विकायला लागले आणि दुकानदार ते वितळवायला पाठवायला लागले. तब्येत ढासळली होती, तरी काका मला घेऊन दुकानात जायचे. स्टुलावर बसून नाण्यांच्या बादल्या उपसायचे. जरा कुठे रंग दिसला की ते नाणं चांदीच्या भावानं विकत घ्यायचे.

"काका, चांदी इतकी महागल्यावर आता रंगाला वेगळा भाव कुठे मिळतोय? कशाला घेताय?"

"अगं, वितळलं की तो रंग परत कुठून आणणार?"

अशी वाचवलेली नाणी ते वाटून टाकायचे. ज्याला बघायला आवडेल त्याला. पोस्टमनलासुद्धा एक दिलंय.

काल दुपारी नेहाचा फोन आला. "Baba's gone," एवढंच म्हणाली, आणि मग मराठीत, "ताई, तू ये ना."

आईला कळवलं. ती म्हणाली, "इतकं नुकसान झालेलं असताना त्या माणसानं मला आधी चहा विचारला गं."

काका, तुमच्यासारखं वागायला मला जमेल असं वाटत नाही. पण कसं वागायचं असतं, ते बघितलंय मी.

मनापासून नमस्कार. शांतपणे जा.